आम्लाचा बोलबाला, चुन्याची चाकरी

‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या पेपरात पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसला आहे. मधोमध पट्टीने रेघ, डावीकडे आम्ल, उजवीकडे आम्लारी. आम्ल चवीला आंबट, आम्लारी कडवट. आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, आम्लारीत तांबडा निळा. आम्ल पाण्यात हायड्रोजनचे आयन सोडतं, आम्लारी हायड्रॉक्साइडचे. दोन्ही रकाने सारख्या रुंदीचे आखलेले असल्यामुळे मुलांची अशी समजूत होते की जगाच्या कारभारातही या दोघांची वाटणी निम्मीनिम्मी आहे.

ती तशी नाही. आम्लाला प्रसिद्धी फार. पोटात जळजळलं तर त्याचं नाव, हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या अड्ड्यावर पिंपात काही खदखदत असेल तर तेही तेच. चिंच, कैरी, लिंबू ही नावं नुसती वाचली तरी तोंडाला पाणी सुटतं. आम्लारीचं नाव वाचून कुणाच्या तोंडाला काही सुटल्याचं उदाहरण नाही. रक्त गरजेपेक्षा जास्त आम्लारीधर्मी होणं हा वैद्यकातला खराखुरा आजार आहे, पण ‘साहेब, आज अल्कलिटी झालीय, रजा हवी’ असा अर्ज कुठल्या कचेरीत आल्याचं ऐकिवात नाही.

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ कोपऱ्यात, जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत, या प्रसिद्धीचा आणि प्रत्यक्ष कामाचा मेळ अजिबात बसत नाही. इथे नाव आम्लाचं होतं आणि राबते ती आम्लारी. ती प्रयोगशाळेतल्या बाटलीत नसते. ती चुलीत असते, शेतात असते, पापडाच्या पिठात असते आणि बंडीच्या खिशातल्या डबीत तर असतेच असते.

जव्हारच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या चारचौघांत निदान एकाच्या तळहातावर तंबाखू असतो. डाव्या हातावर पान, डबीतून नखाएवढा चुना, उजव्या अंगठ्याने चोळणं, मग दोन चापट्या आणि फुंकर. गाडी चुकली तरी चालेल, पण यातली एकही पायरी चुकत नाही. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या निवळीचा सामू (पीएच) १२.४ च्या आसपास. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची असल्यामुळे सातच्या तटस्थ पाण्यापेक्षा ही निवळी सुमारे अडीच लाख पट आम्लारीधर्मी ठरते. तंबाखूतलं निकोटिन हीसुद्धा आम्लारीच, पण पानात ती आम्लांशी बांधलेली असते. चुना तिला मोकळं करतो आणि मोकळं निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात शिरतं. म्हणजे तलफ भागवल्याचं श्रेय तंबाखू घेतो आणि दार उघडून देतो चुना. मराठीत ‘चुना लावला’ म्हणजे फसवलं. गालाचीही तीच तक्रार आहे. पुढची हकीकत पुडीवर चित्रासकट छापलेली असते.

पानाचं प्रकरण याहून रंगीत. पानावरचा काथ खैराच्या गाभ्यापासून उकळून काढतात. या डोंगरातल्या कातकरी समाजाचं नाव त्याच धंद्यावरून पडलं असं सांगतात. काथ तपकिरी, चुना पांढरा, पान हिरवं; आणि चावल्यावर रंग लाल. काथातली द्रव्यं चुन्याच्या सान्निध्यात हवेतला प्राणवायू घेतात आणि लालबुंद होतात. गावाकडे पान किती रंगलं यावरून प्रेमाची परीक्षा करायची पद्धत होती. वास्तविक ती चुन्याच्या मापाची परीक्षा होती. चुना कमी पडला तर प्रेम फिकं, जास्त झाला तर जीभ भाजली.

आम्लारी ओळखायची दुसरी खूण पुस्तकात दिलेली असते: हाताला बुळबुळीत लागते. का लागते ते दोन गुणांच्या प्रश्नात विचारत नाहीत. आम्लारी आणि चरबी एकत्र आली की साबण बनतो. बोटावर चरबी असतेच. तेव्हा सोड्याचं पाणी चिमटीत चोळून ‘हो सर, बुळबुळीत लागतंय’ म्हणणारा विद्यार्थी आम्लारीचा गुणधर्म तपासत नसतो, तो स्वतःच्या कातडीचा थोडासा साबण करत असतो. राखेने घासलेली भांडी लख्ख होतात तीही याच न्यायाने. भांड्याला लागलेलं तेल राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटच्या हाती लागून काही अंशी साबण होऊन जातं. याउलट तांब्याचा हंडा राखेला दाद देत नाही, त्याला चिंच लागते. हंड्यावर चढलेला काळपट थर हा तांब्याचा ऑक्साइड, म्हणजे स्वतःच आम्लारी, आणि त्याला आम्लच विरघळवतं. तेलाला राख आणि तांब्याला चिंच हे पाड्यावरच्या कुठल्याही सुनेला ठाऊक असतं, आणि तेही रेघ न आखता.

इथे थट्टा बाजूला ठेवून एक सांगायला हवं. आम्लाचा धाक सगळ्यांना असतो, चुन्याचा कुणालाच नसतो, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मते तो असायला हवा. तीव्र आम्ल डोळ्यात गेलं की वरचं प्रथिन गोठतं आणि तो थर आम्लाला बऱ्याच अंशी अडवतो. आम्लारी तो थरच विरघळवते आणि आत आत शिरत जाते. चुन्याची पुडी दाबून खेळणाऱ्या पोरांचे डोळे असे गेले आहेत. त्यावर लिंबू पिळायचं नसतं. चुन्याचे कण काढून टाकत भरपूर साधं पाणी वाहू द्यायचं आणि धुता धुताच दवाखाना गाठायचा. ‘आम्ल आणि आम्लारी एकमेकांना शांत करतात’ हे वाक्य परीक्षेत बरोबर आहे, डोळ्यात नाही.

गांधीलमाशीच्या बाबतीतही तसंच. चावली की चुना लावा हा सल्ला जव्हारपासून जर्मनीपर्यंत कुणीही देईल असं वाटतं, पण पाश्चात्त्य पुस्तकांत नेमकं उलट सापडतं: मधमाशीला आम्लारी लावा, गांधीलमाशीला व्हिनेगर. भांडण मिटवायचा मार्ग असा की दोघांचं विष मुख्यतः प्रथिनांचं असतं, ते कातडीखाली टोचलेलं असतं आणि वरून लावलेला चुना किंवा व्हिनेगर तिथवर पोचत नाही. चोळाचोळीत लक्ष दुसरीकडे जातं, एवढा गुण मात्र दोन्ही पक्षांनी मान्य करावा.

आता रंगांकडे. आम्ल आणि आम्लारी रंगावरून ओळखायची रीत शास्त्राच्या दप्तरी नीट नोंदवली ती रॉबर्ट बॉइलने. रंगांवरच्या प्रयोगांचं त्याचं पुस्तक लंडनमध्ये १६६४ साली निघालं. जांभळ्या व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने तांबडा होतो आणि आम्लारीने हिरवा, असं त्याने लिहिलं. हाच गृहस्थ पुढे काही वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर होता. त्याच १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, आणि जाताना जव्हारजवळच्या शिरपामाळावर त्यांचा मुक्काम पडला, तिथे जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांचं स्वागत केलं, असं जव्हारची परंपरा सांगते. एकीकडे बॉइल कंपनीच्या देशात फुलांचा पाक ढवळतोय आणि दुसरीकडे त्याच कंपनीच्या सुरतेतल्या वखारीची झोप उडालेली, असं हे साल.

बॉइलला व्हायोलेटचा पाक लागला, मराठी घरात हळद पुरते. पिवळ्या वरणाचा डाग पडलेला पांढरा सदरा साबणाने चोळला की डाग लालभडक होतो आणि घरातला नवखा पुरुष घाबरून चोळणं वाढवतो. साबण आम्लारीधर्मी, आणि हळदीतलं कर्क्युमिन आम्लारीत लाल होतं. खळखळून धुतलं की पुन्हा पिवळं. याच लालीचा पक्का धंदा म्हणजे कुंकू. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याची किंवा तशाच क्षाराची प्रक्रिया करून बनवतात. म्हणजे विवाहित स्त्रियांच्या कपाळावर शतकानुशतकं आम्लारीचा दर्शक लावलेला आहे, आणि त्याबद्दल कुणाला दोन गुण मिळालेले नाहीत. लिटमसही काही परका नव्हे. तो काढतात दगडांवर आणि झाडांवर वाढणाऱ्या शैवाकांपासून, आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच शैवाकांच्या गोतावळ्यातलं. वारली चित्रातला पांढरा रंग मात्र तांदळाच्या पिठाचा. जवळपास तटस्थ. या भांडणात न पडलेली एवढीच एक वस्तू या परिसरात दिसते.

पण जव्हार-मोखाड्यात या दोन पक्षांची खरी झुंज होते ती शेतात, आणि तिची सुरुवात आकाशातून होते. पावसाचं अगदी स्वच्छ पाणीसुद्धा तटस्थ नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचं सौम्य कार्बॉनिक आम्ल होतं, सामू साधारण ५.६. सोड्याच्या बाटलीत असतं तेच आम्ल, फक्त फेस नसलेलं. जव्हारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे दर चौरस मीटर जमिनीवर सुमारे तीन हजार लिटर पातळ सोडा, तोही फुकट. हे पाणी मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेतं आणि मागे आंबट जमीन ठेवतं. पाणी स्वतःही थांबत नाही. मोखाडा तालुक्यातून वैतरणा मुंबईच्या नळांकडे जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. ही गोष्ट कुठल्याच सामूत बसत नाही.

या आंबट जमिनीवरचा जुना उतारा म्हणजे राब. पावसाआधी भाताच्या किंवा नागलीच्या रोपासाठी जमिनीचा एक तुकडा निवडायचा, त्यावर शेण, ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि धुमसत जळेल अशा बेताने पेटवायचं. राब भाजला की खाली राख उरते. तिच्यात पोटॅशियम आणि कॅल्शियमची कार्बोनेटं असतात, म्हणजे पावसाने जे धुऊन नेलं तेच पुन्हा आणून ठेवलेलं. पहिल्या पावसात ही राख मातीत उतरते आणि मातीचा आंबटपणा मोडते. बी त्यावर पडतं.

इंग्रज वनअधिकाऱ्यांना हा प्रकार पाहवला नाही. चांगल्या झाडाच्या फांद्या तोडून जाळायच्या, हा त्यांच्या लेखी अडाणीपणाचा कळस होता. तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या हक्कावरून एवढी तक्रार झाली की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाची रासायनिक तपासणी केली. ती १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळा गुण राखेचाच, असं म्हणणं राखेचा वकील झाल्यासारखं होईल. धगीने तणाचं बी मरतं, माती भाजून मऊ होते, तोही फायदा असतोच. झाडं तोडली जातात हेही खोटं नाही. पण साहेबाने ज्याला जाळपोळ म्हटलं ती आम्ल जमिनीवरची दुरुस्तीही होती, आणि ती बघायला वनरक्षकाच्या जोडीला रसायनशास्त्रज्ञही लागतो.

आता मातीचा आंबटपणा मोजून मिळतो. २०१५ पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देतं. रक्ताच्या तपासणीच्या कागदासारखा दिसणारा तो कागद असतो आणि त्यात सामूचा रकाना असतो. वरकस जमिनीत नागली आणि वरई टिकून आहेत, कारण या पिकांना आंबट मातीचं फारसं वावडं नाही. गंमत अशी की नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कॅल्शियम म्हणजे चुन्याचाच धातू. ज्या जमिनीतून पाऊस तो धुऊन नेतो, त्याच जमिनीतून नागली तो वेचून दाण्यात साठवते. पुढे त्या नागलीच्या पिठात पापडखार घालून पापड लाटतात. खार म्हणजे पुन्हा आम्लारीच. इथे तिच्यापासून सुटका नाही.

सामू ही मोजपट्टी ज्याने काढली तो सोरेन्सन कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत होता. साल १९०९. कार्ल्सबर्ग म्हणजे बिअरवाले; आंबवणीत आम्लाचं प्रमाण जरा हललं की माल बिघडतो, म्हणून त्यांना मोजायची घाई. सामूचा जन्म दारूच्या कारखान्याच्या आश्रयाने झाला, हे शाळेत सांगत नाहीत. पालघर जिल्ह्यात डोंगर उतरून डहाणूच्या बाजूला गेलं की हेच शास्त्र ताडाच्या झाडावर टांगलेलं दिसतं. ताडाचा ताजा रस गोड असतो, पण मडक्यात पडल्या पडल्या आंबू लागतो. मडक्याला आतून चुना फासला तर सामू चढा राहतो, आंबवणारे जीव थंडावतात आणि सकाळी नीरा मिळते. चुना नाही फासला तर मिळते ताडी. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये नीरा आणि ताडी वेगवेगळ्या मानल्या आहेत. एक आरोग्यदायी पेय आणि एक उत्पादन शुल्क खात्याचा विषय, यांच्यामधली भिंत चुन्याच्या एका हाताची आहे. मडक्याला चुना कमी लागला की ती आपोआप पडते, आणि असा चुना कमी लागल्याचं पिणाऱ्यांना फारसं दुःख झालेलं दिसत नाही.

शास्त्रज्ञांनी आम्ल आणि आम्लारी यांची व्याख्या करताना बऱ्याच खस्ता खाल्ल्या. लाव्हॉझिएला वाटलं की आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो; हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा पत्ताच नाही. आयनांची कल्पना मांडणाऱ्या अऱ्हेनियसला १८८४ मध्ये प्रबंधासाठी उप्सालाच्या परीक्षकांनी जेमतेम काठावर पास केलं, आणि १९०३ मध्ये त्याच विषयावर त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. मग १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लौरी यांनी निराळं सूत्र दिलं: प्रोटॉन देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी. या सूत्राने उत्तरपत्रिकेतली रेघ पुसट झाली, कारण पाणी दोन्ही करतं. अमोनिया समोर आला की पाणी देणारं होतं, हायड्रोजन क्लोराइड आला की घेणारं. मोखाड्या-जव्हारच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, असली सोय नाही. तिथे देवाचं सोंग कुणी नाचवायचं आणि राक्षसाचं कुणी, याचा मान बहुतेक ठिकाणी घराण्याघराण्याला ठरलेला असतो. पाण्याला घराणं नाही. समोर कोण आलंय ते बघून ते मुखवटा चढवतं.

भारतीय वैद्यकाला या देण्याघेण्याची ओळख जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार, म्हणजे इथे आम्लारी, बनवण्याचा अख्खा अध्याय आहे: वनस्पती जाळा, राख पाण्यात कालवा, गाळा, आटवा, भाजलेले चुनखडीचे पदार्थ घालून तीव्र करा. मृदू, मध्यम, तीक्ष्ण अशा प्रतीही ठरवलेल्या. आणि क्षाराने भाजलं तर वर आंबट द्रव घाला, असा उताराही दिलेला. म्हणजे उदासिनीकरण. राखेतून औषध काढणारा तो वैद्य आणि राखेवर बी टाकणारा मोखाड्याचा शेतकरी यांना एकमेकांचं बोलणं सहज समजलं असतं. मध्ये फक्त लिटमसवाल्याने पडायला नको होतं.

एका ठिकाणी मात्र आम्लाला त्याचं श्रेय द्यावंच लागतं, आणि ते ठिकाण म्हणजे जूनच्या पहिल्या पावसातली शेवळाची भाजी. शेवळं जमिनीतून वर आली की पाड्यावरच्या बाया ती जुड्या बांधून बाजारात आणतात, आणि शेजारी हिरवी काकडं ठेवतात, आंबट-तुरट, बोराएवढी. शेवळं घ्यायची तर काकडं घ्यायचीच. नाही घेतली तर भाजी खाल्ल्यावर घशात असंख्य सुया टोचल्यासारखं होतं, आणि या सुया खऱ्याच असतात: कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक. गंमत म्हणजे हा पदार्थ ऑक्झॅलिक आम्ल आणि कॅल्शियम यांच्या संगनमताने झालेला क्षार आहे. दोन्ही पक्ष मिळूनच घशावर उठलेले.

काकडांच्या किंवा चिंचेच्या रसाने हा त्रास थांबतो असा इथला अनुभव आहे. रसायनशास्त्राचं म्हणणं वेगळं. कॅल्शियम ऑक्झलेट तीव्र खनिज आम्लात विरघळतं, व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात नाही, तेव्हा काकडांनी फरक पडायचं कारण नाही, असं पुस्तक सांगतं. बाजारातली मावशी पुस्तकाशी वाद घालत नाही. ती फक्त गिऱ्हाइकाला विचारते, ‘काकडं नको? मग शेवळं पण ठेवा खाली.’ आणि जुडी परत घेते.